जुनी पेटी, नवे मासे... पण जरा दमानं!

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. काचेचं घर, त्याला दार नाही. आत राहणारे झोपतात, पण डोळे मिटत नाहीत. सांगा पाहू, कुणाचं घर?

ओळखलंत ना? माशांचं! माशांच्या डोळ्यांना आपल्यासारख्या पापण्या नसतात, म्हणून झोपेतही त्यांचे डोळे उघडेच. आणि त्यांचं काचेचं घर म्हणजे मत्स्यालय. घरात मात्र आपण त्याला फिश टँक म्हणतो, नाहीतर सरळ माशांची पेटी.

अमरावती-अकोल्याकडच्या कित्येक घरांत अशी एखादी पेटी माळ्यावर किंवा कूलरच्या मागे पडलेली असते. कधीकाळी दादानं हौसेनं आणलेली. पुढे मासे मेले, दादा कॉलेजात गेला आणि पेटीत रांगोळीच्या पुड्या, फाटके पतंग नि विटी-दांडू जाऊन बसले. मग एके दिवशी धाकट्याची नजर तिच्यावर पडते. "बाबा, आपण पुन्हा मासे आणू या ना!" दोन दिवस हट्ट चालतो आणि बाबा एकदाचे "बरं" म्हणतात.

पुढे काय होतं ते ऐका. सकाळी पेटी अंगणात येते. कपड्याच्या पावडरीनं ती खसाखसा घासली जाते. काच कशी चकचकीत! दुपारी नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी पिशवीतून आठ-दहा मासे आणले आणि सोडले. रात्री घरातले सगळे पेटीभोवती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा आडवा होऊन तरंगताना दिसतो. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. आठवडा सरता सरता पेटी रिकामी! धाकट्याच्या डोळ्यांत पाणी, आणि घरात एकच वाक्य : "दुकानदारानं मासेच खराब दिले."

खरंच मासे खराब होते का? पुष्कळदा मासे चांगलेच असतात, चूक पेटीत असते. कारण पेटी स्वच्छ होणं आणि पेटी तयार होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक दिवस पुरतो, दुसरीला काही आठवडे लागतात. कसे, ते पायरी-पायरीनं पाहू या.

आधी पेटीची तब्येत पाहा

पेटी उचलायची ती दोघांनी, खालून धरून. नुसती वरची कड धरून उचलली तर सांधे सुटतात. हे काम मोठ्यांचं बरं का! पेटी सपाट जागी, जुन्या सतरंजीवर ठेवा. आतला कचरा काढा. काचेला तडा आहे का, कड कुठे तुटली आहे का, ते बघा. तडा असेल तर त्या पेटीत पाणी भरायचं नाही. तिच्यात एखादं कुंडीतलं झाड ठेवा, पण मासे नकोत.

मग कोपरे पाहा. दोन काचा जिथे जुळतात तिथे रबरासारखी पट्टी दिसते. ती सिलिकॉनची. पूर्वीच्या पेट्यांना लोखंडी चौकट असायची आणि काचा लांबीनं बसवायचे. आता सिलिकॉनच काचा धरून ठेवतं. वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या पेटीचं सिलिकॉन कडक होऊन सुटू लागतं. नख लावल्यावर ते निघत असेल, तर पेटी बनवणाऱ्या कारागिराकडून नवं भरून घ्या. न्हाणीघरासाठी मिळणारं सिलिकॉन चालत नाही, त्यात बुरशी मारणारं औषध असू शकतं. नव्या सिलिकॉनला बरेचदा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.

एक सूचना लक्षात ठेवा. हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल तर जुन्या पेटीत हात घालू नका, किंवा रबरी हातमोजे घाला. माशांना होणाऱ्या क्षयाच्या जातीचे काही जंतू जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतात आणि बरी व्हायला महिने लावणारी गाठ आणतात. त्याचप्रमाणे पेटीतलं पाणी काढताना नळी तोंडानं ओढायची नाही. काम झालं की हात साबणानं स्वच्छ धुवायचे. साबण हाताला, पेटीला नाही!

साबणाला सुट्टी

"म्हणजे काय बाई? साबणाशिवाय भांडं तरी निघतं का?" असं तुम्ही विचाराल. ऐका तर.

आपण नाकानं हवा घेतो. मासा पाण्यातला प्राणवायू घेतो, तो कल्ल्यांतून. कल्ल्यांची कातडी इतकी पातळ असते, की तिच्यातून प्राणवायू थेट रक्तात जातो. साबण किंवा कपड्याची पावडर तेल सुटं करते, म्हणून तर कपडे निघतात. तीच पावडर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि नाजूक कल्ले खराब करते. तुम्ही पेटी दहा वेळा विसळली तरी सांध्यांच्या फटींत साबण राहू शकतो. माणसाच्या ताटाला तेवढा राहिला तर आपल्याला कळणारही नाही. मासा मात्र त्याच पाण्यात चोवीस तास श्वास घेतो.

मग घासायचं कशानं? खडे मिठानं! ओल्या फडक्यावर थोडं मीठ घ्या नि काच घासा. शेवाळ निघेल आणि काचेवर ओरखडाही येणार नाही. यात एक छान विज्ञान आहे. पदार्थांचा कठीणपणा १ ते १० अशा अंकांत मोजतात. साध्या काचेचा अंक साडेपाचच्या आसपास, मिठाचा अडीचच्या आसपास आणि वाळूतल्या गारेचा ७. मऊ पदार्थ कठीण पदार्थाला ओरखडू शकत नाही. म्हणून मीठ चालतं आणि वाळू किंवा तारेची घासणी चालत नाही. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश घ्या, पण आधी तो गरम पाण्यात नीट धुऊन.

पांढऱ्या रेषेची गोष्ट

एवढं घासूनही एक गोष्ट हटत नाही. काचेवर, पूर्वी जिथपर्यंत पाणी होतं तिथे, एक पांढरी खरबरीत रेषा दिसते. ती कुठून आली?

याचं उत्तर तुमच्या घरातल्या कूलरमध्ये आहे. उन्हाळाभर कूलर चालतो आणि मे महिन्यात त्याच्या जाळीवर पांढरे थर चढतात. पाणी वाफ होऊन उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहतात. आपण वरून पुन्हा पाणी ओततो, पुन्हा क्षार साठतात. पेटीतही नेमकं तेच घडतं.

आपल्या वऱ्हाडात या गोष्टीला आणखी एक कारण आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडचे वाचक त्याला चांगले ओळखतात. तिथलं जमिनीतलं पाणी खारं. विहीर खणली तरी पिण्याजोगं पाणी लागेलच असं नाही. म्हणून दुरून धरणाचं पाणी आणावं लागतं. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं, अमरावतीला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचं. घरात मात्र बरेचदा नळाचं आणि बोअरचं अशी दोन्ही पाणी वापरात असतात.

खारं पाणी आणि जड पाणी यांत फरक आहे. ज्या पाण्यात मिठासारखे क्षार जास्त, ते खारं. ज्यात चुन्याच्या जातीचे क्षार जास्त, ते जड. पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. पेटीवरची पांढरी रेषा कशाची, हे तुम्हीच शोधून काढा.

करून पाहा : रेषेवर साध्या पाण्याचं ओलं फडकं फिरवा. पुसली गेली तर ते मीठ. नाही गेली तर त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा आणि अगदी जवळून पाहा. बारीक बुडबुडे येताना दिसले, तर तो चुना! लिंबाच्या आम्लामुळे चुन्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. सोड्याच्या बाटलीतला वायू तोच.

मग रेषा काढायची युक्तीही सापडली. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवा आणि त्या रेषेवर चिकटवून ठेवा. अर्ध्या तासानं थर मऊ होईल. मग कंपासपेटीतली जुनी प्लॅस्टिकची पट्टी घेऊन खरवडा. फार जुना थर असेल तर हे दोन-तीनदा करावं लागतं. ब्लेड मोठ्यांच्याच हाती. फरशी धुवायचं ॲसिड तर अजिबात आणू नका. त्याची वाफ छातीत जाते, थेंब डोळ्यांत उडतो. लिंबू पुरे.

वाळू, दगड आणि शिंपले

पेटीतली जुनी वाळू किंवा खडे घमेल्यात थोडे थोडे घ्या. पाणी घाला, हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता. पाणी निवळशंख येईपर्यंत हेच करायचं. कंटाळा येतो खरा, पण पेटीतली खरी घाण खड्यांच्या तळाशीच असते. उरलेलं अन्न नि माशांची विष्ठा तिथे साठते. खड्यांना सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर ते ठेवूच नका, नवे आणा.

नदीतून उचललेला दगड किंवा बाजारातले पांढरे खडे पेटीत घालण्याआधी तीच लिंबाची परीक्षा घ्या. बुडबुडे आले तर त्या दगडात चुना आहे. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि आधीच जड असलेलं आपलं पाणी आणखी जड करतो. शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे म्हणजे चुन्याचेच भाऊ. ते काढून दप्तराच्या कप्प्यात ठेवा, पेटीत नको.

आजारी पेटीला ऊन

आता मोठ्यांना विचारा, "मागच्या वेळी मासे कशानं गेले होते?" अंगावर साबुदाण्याच्या बारीक दाण्यांसारखे पांढरे ठिपके पडून गेले असतील, तर तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग. तो ओल्या खड्यांतून, जाळीतून, नळीतून दुसऱ्या पेटीत जातो. पण पूर्ण वाळलेल्या जागी तो जगत नाही. आणि वाळवणाच्या बाबतीत आपल्या वऱ्हाडाचा हात कोण धरणार! कुरड्या-पापड वाळवतो तशी जाळी, खडे नि नळ्या चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा.

पेटी मात्र सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा आणि नंतर सावलीत, वाऱ्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते. गरम दुधाच्या काचेच्या ग्लासात बर्फ टाकण्यासारखंच ते.

मासे एकामागून एक आजारी पडून मेले असतील, तर नुसतं ऊन पुरणार नाही. मग आई-बाबांनी हातमोजे घालून, उघड्या अंगणात, १० लिटर पाण्यात एक लहान चमचा ब्लीचिंग पावडर कालवून त्यानं पेटी धुवावी. अर्धा तास तसंच राहू द्यावं. नंतर तीन-चार वेळा साध्या पाण्यानं धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावी. पालकांसाठी इथे एक धोक्याची सूचना आहे. ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर, लिंबू किंवा ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. चुन्याची रेषा एका दिवशी काढा, पेटी धुऊन वाळवा आणि ब्लीचिंगचं काम दुसऱ्या दिवशी करा.

गळती पाहू, गणित करू

पेटी वाळली. आता ती ओट्यावर किंवा अंगणात सपाट जागी ठेवा, खाली थर्माकोलचा तुकडा आणि त्याखाली वर्तमानपत्र. पाणी भरा आणि पूर्ण एक दिवस-रात्र थांबा. कागद कोरडा राहिला तर पेटी पास!

थांबलात तोवर एक गणित सोडवा. पेटी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच आहे. तिच्यात किती पाणी मावेल? ६० × ३० × ३० = ५४,००० घन सेंमी. १,००० घन सेंमी म्हणजे १ लिटर. म्हणजे ५४ लिटर. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो, तर नुसतं पाणीच ५४ किलो झालं! वर काच नि खडे वेगळे. शाळेतल्या एका मोठ्या मुलाएवढं वजन. आता सांगा, दूरदर्शन संचाच्या हलत्या टेबलावर ही पेटी ठेवायची का? आणि भरलेली पेटी उचलायची का? दोन्हींचं उत्तर "नाही".

आपल्याकडे नळ रोज येईलच असं नाही, म्हणून गळती पाहायला भरलेलं पाणी गटारात सोडू नका. स्वच्छ पेटीतलं ते पाणी बादल्यांनी काढून अंगण धुवायला, झाडांना घाला. पुढे मासे आल्यावर पेटीतलं जे पाणी बदलाल, ते तर कढीपत्त्याला नि जास्वंदीला खताचं पाणी. फक्त व्हिनेगरचं, मिठाचं किंवा औषधाचं पाणी झाडांना नको.

न दिसणारे सफाई कामगार

पेटी आता आरशासारखी लख्ख झाली. आणायचे मासे? नाही! सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे.

मासे खातात आणि पाण्यातच शी-शू करतात. त्यातून अमोनिया तयार होतो. गोठ्यात सकाळी जो नाकात झोंबणारा वास येतो ना, तोच अमोनियाचा. माशांसाठी तो विष आहे. मग तळ्यातले मासे कसे जगतात? तिथे काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी अपायकारक असतं आणि पाणवनस्पती ते खत म्हणून वापरतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानं हे काम करणारे जिवाणू मातीतून वेगळे करून दाखवले.

हे कामगार खड्यांवर, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजावर राहतात. तुम्ही पेटी घासली, वाळवली, तेव्हा रोगजंतूंबरोबर हेही गेले. म्हणजे लख्ख पेटी म्हणजे सफाई कामगार नसलेलं शहर! त्यात एकदम दहा मासे सोडले तर कचरा साठणारच. आणि पाणी जितकं क्षारधर्मी, जितकं गरम, तितका अमोनिया जास्त घातक. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून वऱ्हाडातल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त धीर धरायला हवा.

मग करायचं काय? पेटी घरात, थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग पेटीत भरा. हवेचा पंप नि फिल्टर चालू करा. एक-दोन पाणवनस्पती लावा. आता दर दोन दिवसांनी माशांच्या खाण्याची अगदी लहान चिमूट पाण्यात टाका. मासे नसताना खाणं कशाला? ते कुजून थोडा अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. साधारण ४ ते ६ आठवड्यांत त्यांची वस्ती बसते. मित्राकडे निरोगी, जुनी चालू पेटी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या पेटीत पिळा. दह्याला विरजण लावतो तसंच हे. काम लवकर होतं.

एवढे दिवस मासे नसलेलं पाणी घरात राहणार, तेव्हा डासांची काळजी घ्या. पेटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. नाहीतर माशांऐवजी डास पाळले असं व्हायचं!

हा समतोल माणसाला कळला त्याची गोष्टही मजेची आहे. १८५० च्या सुमारास लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या पेटीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी झाडाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. त्यांनी पेटी पुन्हा पुन्हा घासली नाही. पाण्यात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. मग १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्या मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते १९५१ साली.

कोणते मासे, केव्हा?

शक्यतो मे महिन्यात सुरुवात करू नका. अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३५ अंशांना फक्त ७ च्या आसपास. त्यात लाइट गेली की पंप बंद. म्हणून उन्हाळ्यात पेटी धुवा, वाळवा, पाणी मुरवा आणि मासे आणा ते पाऊस पडून गारवा आल्यावर.

पहिल्यांदा दोन-तीन गप्पी मासे पुरेत. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला डबक्यांत सोडतात तेच हे गप्पी. त्यांना आपलं जड पाणी मानवतं. मॉलीही चालतात. गोल्डफिश दिसायला गोड, पण ते मोठे होतात, घाण फार करतात आणि त्यांना थंड पाणी लागतं. मासे आणले की पिशवी न फोडता पंधरा-वीस मिनिटं पेटीच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पेटीचं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासे जाळीनं सोडा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला साधारण पाव पेटी पाणी बदला, सगळं कधीच नाही. तुम्हाला आता कारण माहीत आहे!

जुनं टाकायचं कुठे?

पेटी साफ करताना जुनी झाडं, गोगलगाई, कधी एखादा उरलेला मासा निघतो. कोणी म्हणतं, "जाऊ दे, वडाळीच्या तलावात सोडू. बिचारा जगेल तरी." वाटतं दया, होतं नुकसान.

मोर्णा नदी अकोला शहरातून वाहते. जलकुंभीनं ती इतकी झाकली होती, की पाणीच दिसेना. २०१८ च्या जानेवारीत अकोल्याचे हजारो नागरिक, शाळा-कॉलेजांतली मुलं नदीत उतरली आणि हातांनी ती जलकुंभी उपसली. ही जलकुंभी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून माणसानंच ती देशोदेशी नेली. शोभेची वनस्पती नदीत गेली आणि नदीचा गळा धरला!

माशांचंही तसंच. "पेटी साफ करणारा" म्हणून विकला जाणारा सकर मासा पेटीत बोटाएवढा असतो, मोकळ्या पाण्यात फूटभराहून मोठा होतो. तोही दक्षिण अमेरिकेतलाच. लोकांनी सोडून दिलेले हे मासे आता देशातल्या कित्येक नद्या-तलावांत वाढले आहेत. त्याच्या टणक काट्यांनी मासेमारांची जाळी फाटतात आणि आपल्या इथल्या माशांच्या जागेवर तो हक्क सांगतो. म्हणून पेटीतला जीव नदीत, तलावात, विहिरीत सोडायचा नाही. मित्राला द्या, दुकानात परत द्या. झाडं उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाका.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल हट्ट करतं तेव्हा त्याच दिवशी मासे आणून द्यावेसे वाटतात. तसं करू नका. त्याला एक वही द्या. पेटी कधी धुतली, पाणी कधी भरलं, चिमूट कधी टाकली, हे त्याला रोज लिहू द्या. पाण्यातला अमोनिया नि नायट्राइट मोजायच्या चाचण्या माशांच्या दुकानात मिळतात. जमलं तर एक आणा. आधी अमोनिया वाढतो, मग उतरतो, मग नायट्राइट वाढून उतरतं. दोन्ही शून्यावर आले की समजा, पेटी तयार. हा आलेख मुलानं स्वतः काढला, तर विज्ञानाचा एक पाठ त्याला कोणी शिकवायला नको.

आणि मुलांनो, तुम्ही शेजारच्या दोस्ताला सांगा. तो विचारेल, "अरे, महिना झाला, तुझ्या पेटीत नुसतंच पाणी! मासे कुठं हायेत?" तेव्हा त्याला म्हणा, "आधी सफाई कामगार आले, आता मासे येतील."